केसभर मागे

“हाही गेला,” मिस्त्री म्हणाले आणि सिलेंडरमधून काढलेला पिस्टन त्यांनी आपल्या मुलीच्या हातात ठेवला.

तिने तो उजेडाकडे धरला. मुठीएवढी ॲल्युमिनियमची वाटी उपडी घालावी तसा तो दिसत होता. वरचा सपाट भाग एका कडेने उंदरांनी कुरतडल्यासारखा झाला होता. तिथलाच एक तुकडा निखळून खालची रिंग उघडी पडली होती.

“मागच्यासारखाच,” ती म्हणाली.

“मागच्यासारखा, आणि त्याच्या आधीच्यासारखा. दुसरा अजून तुटला नाही, पण त्यालाही वाळवी लागलीय. हे बघ, इथे बोट फिरव.”

तिने बोट फिरवलं. खरखरीत लागलं.

“म्हणजे दोन्ही बदलायचे?”

“दोन्ही.”

मिस्त्रींची पत्र्याची शेड धक्क्याच्या टोकाला होती. आत लाकडी घोड्यावर आउटबोर्ड इंजिन टांगलेलं होतं. झाकण काढलेलं, हेड बाजूला ठेवलेलं, दोन्ही सिलेंडर आ वासून उघडे. दारातून मुलीची नाव दिसत होती. इंजिनाचं ओझं नसल्यामुळे तिची मागची बाजू उचलली गेली होती, आणि ती उगाच डुलत होती.

आदल्या दिवशी सकाळी ही नाव खाडीच्या मधोमध बंद पडली होती. नावेत पलीकडच्या इस्पितळात पायाची पट्टी बदलायला निघालेले एक आजोबा होते, शाळेतल्या दोन बाई होत्या आणि एक बाळंतीण होती. इंजिनातून खट्कन आवाज आला आणि ते जागच्या जागी रुतल्यासारखं थांबलं. ओहोटीची वेळ होती. पाणी नावेला ओढत दगडी बांधाकडे घेऊन चाललं. मुलीने वल्हं हातात घेतलं, पण भरल्या नावेला एक वल्हं कुठे पुरतं? बाकीचे ओरडत होते. बाळंतीण मात्र ओरडली नाही. तिने बाळ पदराआड घेतलं आणि मुलीकडे नुसती बघत राहिली. शेवटी एका मच्छीमाराने दोर फेकला म्हणून सगळे काठाला लागले.

बंदरावरचे साहेब धक्क्यावरच उभे होते. माणूस वाईट नव्हता. “बाई, माझं तुमच्याशी वैर नाही,” ते मुलीला म्हणाले. “पण वर्षभरातली ही तिसरी वेळ. आणखी एकदा ही मधेच थांबली, तर हिच्यात माणसं बसवायची नाहीत. विटा वाहा, मासळी वाहा, माणसं नाही.”

विटांना दुसऱ्या नावा होत्या, मासळीलाही होत्या. लग्न मोडून मुलगी माहेरी आली तेव्हा मिस्त्रींनी तिला ही नाव आणि हे इंजिन दिलं होतं. त्यावर ती उभी राहिली होती. आता एकच संधी उरली होती, आणि ती बापाच्या हातात होती.

“बाबा, या वेळी काय चुकलं?”

“तेच तर शोधायचंय.”

शोधायची मिस्त्रींची एक रीत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कुठल्या औषधाचा ते कळत नाही. पहिला पिस्टन गेला तेव्हा त्यांनी पेट्रोलवर संशय घेतला. पेट्रोलमध्ये भेसळ असली की ते वेळेआधी पेट घेतं आणि पिस्टन भाजतो. त्यांनी टाकी धुतली, पेट्रोल दुसरीकडून आणायला सुरुवात केली. दुसरा गेला तेव्हा पाणी बघितलं. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी खालून ओढणारी एक रबरी चक्री असते, ती झिजली की इंजिन तापतं. चक्री चांगली होती, म्हणून तिला हात लावला नाही. कार्ब्युरेटरमध्ये थोडा मोठा जेट घातला, म्हणजे पेट्रोल जास्त जाईल आणि आग जरा थंड राहील. प्रत्येक वेळी काम चोख होतं. प्रत्येक वेळी इंजिन चालू झालं, काही आठवडे छान चाललं, आणि गेलं.

कंपनीच्या पुस्तकात बघून काही कळण्यासारखं नव्हतं. हे इंजिन कंपनीचं उरलंच नव्हतं. खाडीच्या ओढीला ते मूळचं कमी पडायचं. म्हणून मिस्त्रींनी आणि त्यांच्या लेथवाल्या मित्राने मिळून त्याचं हेड घासलं होतं, हवेची दारं रुंद केली होती, दुसऱ्या मोठ्या इंजिनाचा कार्ब्युरेटर बसवला होता. असं इंजिन म्हणजे शर्यतीचा घोडा. जोर भरपूर, पण जरा चुकीला माफी नाही. त्याच्यासाठी कुठलंच माप छापलेलं नव्हतं. माप होता मिस्त्रींचा कान.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. मिस्त्री असे बसले की धक्क्यावरची माणसं आपोआप हळू बोलायची. एखादा चेष्टा करायचा, “काय डॉक्टर, वाचेल ना पेशंट?” मिस्त्री डोळे न उघडता म्हणायचे, “पेशंट वाचेल, तू गप्प बस.” आणि मग सांगायचे, बेअरिंग गेलंय, किंवा रिंग सैल आहे, किंवा काही नाही, तुझ्या मनात खोट आहे. सहसा तसंच निघायचं.

त्यांनी हेड उचलून पुन्हा एकदा न्याहाळलं. मग मुलीकडे न बघता विचारलं, “तू पहिल्या दिवसापासून पूर्ण थ्रॉटल दिलंस का?”

“नाही.”

“नवा पिस्टन आहे, त्याला आधी हळूहळू रुळू द्यावं लागतं. माणसं घाई करतात, आणि तूही—”

“बाबा, तुम्ही सांगितलं होतंत तसंच केलं. सगळे दिवस अर्ध्यावर चालवली. लोक म्हणत होते, यापेक्षा पोहत जाऊ.”

“मग ओढीत गेल्यावर देत असशील. लक्षात येत नाही आपल्याला.”

“मी काय लहान आहे का?”

“इंजिन खोटं बोलत नाही.”

पिस्टन तिने फडक्यावर ठेवला, हात पुसले आणि बाहेर जाऊन नावेतलं पाणी उपसत बसली. पाणी फारसं नव्हतंच.

मिस्त्रींनी सिलेंडर फडक्यात गुंडाळला आणि ते लेथवाल्याकडे गेले.

लेथवाल्याचं दुकान धक्क्यामागच्या गल्लीत होतं. दारातच लोखंडाच्या चकचकीत कुरळ्या कात्रणांचा ढीग असायचा. दोघे एकाच उस्तादाकडे मार खाऊन काम शिकले होते. नंतर एकाने हात धरला लेथचा, दुसऱ्याने इंजिनाचा.

“या डॉक्टर,” लेथवाला म्हणाला. “पुन्हा तेच?”

“मागच्या वेळी सिलेंडरचं बोअर तू केलं होतंस.”

“मग?”

“माप घे.”

लेथवाल्याने मशीन बंद केलं, हात धुतले, चष्मा बदलला. मापाचं यंत्र सिलेंडरमध्ये वर, मधे, खाली असं फिरवलं. मग आडवं धरून पुन्हा तसंच. घाई केली नाही.

“गोल आहे,” तो म्हणाला. “सरळ आहे. जेवढी जागा ठेवायला सांगितलीस तेवढीच आहे. पिस्टन घासून गेलेला नाहीच, बाजू स्वच्छ आहेत त्याच्या. वरून फुटलाय. हे माझ्या कामाने होत नाही.”

“तुझ्या डोळ्यांना दिसतं का अजून नीट?”

लेथवाला हसला. विनोद आहे असं त्याला वाटलं. मग त्याने मिस्त्रींचा चेहरा बघितला.

“काय म्हणालास?”

“वय झालंय आपलं. मान्य करावं माणसाने. तुला एक रेघ इकडची तिकडे दिसली तर माझ्या पोरीची नाव दगडांवर जाते.”

“हे घे.” लेथवाल्याने यंत्र त्यांच्यापुढे धरलं. “तू माप. तुझे डोळे तर चांगले आहेत ना? माप आणि चूक दाखव. चूक निघाली तर उद्यापासून हे शटर उघडणार नाही मी.”

मिस्त्रींनी मापलं. गोल होतं, सरळ होतं.

“पेट्रोल बघितलंस?” लेथवाल्याने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

“बघितलं.”

“पाणी? कुठून हवा खेचतोय का?”

“सगळं बघितलं.”

“ठिणगीचं टायमिंग?”

“ते मी लावलंय.”

त्यावर लेथवाल्याने विषय सोडला. मिस्त्रींनी कानाने लावलेल्या टायमिंगवर संशय घ्यायची त्या बंदरात कोणालाच सवय नव्हती. त्यालाही नव्हती. सिलेंडर फडक्यात गुंडाळून त्याने परत दिला आणि मशीन चालू केलं. मिस्त्री पायरी उतरले तेव्हा त्याने नेहमीसारखं “ये रे” म्हटलं नाही.

नवे पिस्टन मिळायला दोन-तीन दिवस गेले. त्या दिवसांत मुलगी नाव घासून रंगवत बसली. पलीकडची माणसं लांबच्या पुलावरून वळसा घालून येत होती; आल्यावर तिला विचारत होती, “कधी?” ती म्हणायची, “बाबा करतायत.”

घरी मिस्त्री जेवताना बोलत नसत. पत्नी वाढता वाढता इकडचं तिकडचं सांगे.

“गजराच्या घड्याळाचं बघितलं का हो?”

“उघडलं होतं. सगळं साफ केलं, तेल दिलं. तरी वाजत नाही मेलं. फेकून दे.”

“असू दे,” ती म्हणाली. “मी उठवते की तुम्हाला.” मग ती उठून आत गेली आणि शिट्टी मारत असलेली किटली तिने गॅसवरून उतरवली. मुलगी आईकडे बघत होती. आईने तिला नजरेनेच, जेव, असं सांगितलं.

पिस्टन आले. मिस्त्रींनी दिवसभर खपून इंजिन जोडलं. रिंगा बसवताना, नट आवळताना, त्यांचे हात पूर्वीइतकेच सावकाश आणि नेमके चालत होते. शेडमधल्या पाण्याच्या पिंपात ते चालवून बघितलं. पहिल्या ओढीला सुरू झालं. पण पिंपात इंजिन चालणं म्हणजे रिकाम्या हाताने जिना चढणं. खरी परीक्षा ओझं पाठीवर आल्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी, भरती लागल्यावर, बापलेक नाव घेऊन खाडीत गेले. माणसांच्या वजनाची भरपाई म्हणून तिने नावेत वाळूची पोती टाकली होती.

आता टायमिंग लावायचं होतं.

मुलगी लहान असताना मिस्त्रींनी तिला हे झोपाळ्यावर शिकवलं होतं. झोपाळा मागे येतो, पार मागे येऊन थांबण्याच्या बेतात असतो, तेव्हा ढकलायचा. मग तो पुढे झेपावतो. पण तो अजून मागे येतोच आहे आणि तू घाईने हात पुढे केलास, तर? “हात दुखेल,” ती म्हणाली होती. “नुसता दुखेल? मोडेल. पिस्टनचं तसंच. तो वर येत असतो, त्याला ठिणगीने खाली ढकलायचं. उशिरा ठिणगी पडली तर जोर वाया. लवकर पडली तर पिस्टनचं मनगट मोडलं.”

ठिणगी किती लवकर पडावी हे ठरवायला मिस्त्रींनी या इंजिनात एक लांब स्क्रू बसवला होता. इंजिन पूर्ण जोरात असताना तो हळूहळू आत फिरवायचा. ठिणगी लवकर लवकर पडत जाते, जोर वाढत जातो, आणि एका जागी हेडमधून बारीक किणकिण ऐकू येऊ लागते, काचेच्या बरणीत वाळूचे खडे हलवावेत तशी. तो धोक्याचा आवाज. तो आला की स्क्रू केसभर मागे घ्यायचा. किणकिण थांबते. तीच जागा. आयुष्यभर मिस्त्री तेवढंच करत आले होते. आवाजापर्यंत जायचं, आणि केसभर मागे.

“पिस्टन नवा आहे, पण एवढ्यापुरतं दे पूर्ण,” ते म्हणाले.

तिने थ्रॉटल वळवला. नाव पुढून उचलली गेली. मिस्त्रींनी एका हाताने स्क्रू ड्रायव्हर हेडवर टेकवला, मूठ कानामागे दाबली, डोळे मिटले. दुसऱ्या हाताने स्क्रू फिरवायला लागले. थोडा आत. आणखी थोडा. इंजिनाची घरघर त्यांच्या हाडांत भरली होती, ओळखीची, जाडसर. ते किणकिणीची वाट बघत होते. आणखी थोडा.

“झालं का, बाबा?” मुलीने ओरडून विचारलं.

“थांब. अजून आवाज कुठे आला?”

ती त्यांच्याकडे बघत राहिली.

“येतोय की,” ती म्हणाली.

“काय?”

“आवाज! येतोय! कधीचा येतोय!”

मिस्त्रींनी डोळे उघडले. “कसला?”

“किणकिण. तुम्ही सांगायचात ना, बरणीत खडे हलवल्यासारखी. तीच. आता तर चांगलीच मोठी आहे.”

त्यांनी मूठ पुन्हा हाडावर दाबली. एवढी की कातडी पांढरी पडली. घरघर होती. तिच्यावर काही नव्हतं. पूर्वी जिथे तो बारीक, चकाकता आवाज असायचा, तिथे आता काहीच नव्हतं.

“बंद कर,” ते म्हणाले.

तिने इंजिन बंद केलं. नाव आपल्या वेगाने थोडी पुढे सरकली आणि थांबली. पाण्याचा चपचप आवाज येत असावा; लाटा फळ्यांवर आपटताना दिसत होत्या.

“हा आवाज तुला आधी कधी ऐकू आला होता?”

“नेहमीच.”

“नेहमी म्हणजे?”

“म्हणजे... पहिला पिस्टन जायच्या आधीपासून. तुम्ही इंजिन लावून द्यायचात, तेव्हापासून असायचाच. जरा ओढीत गेलं की जास्त.”

“आणि तू बोलली नाहीस?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती रागावलेलीही होती. “तुम्ही कान लावून बसला होतात, बाबा! मी समोर होते. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत, मान हलवलीत, म्हणालात, झालं. मला वाटलं, तुम्हाला हवा तेवढाच आवाज ठेवलाय. तुम्हाला ऐकू येतंय आणि मी काय सांगू, की आवाज येतोय म्हणून?”

मिस्त्री वाळूच्या पोत्यावर बसले.

किणकिण ऐकू येत नव्हती, म्हणून ते दर वेळी स्क्रू आत नेत राहिले होते. शेवटी कंटाळून कुठेतरी थांबायचे, आणि मन म्हणायचं, आला, आता केसभर मागे. कुठून मागे? ज्या जागेहून परतायचं ती जागा केव्हाच मागे पडलेली असायची. त्यांनी स्वतःच्या हाताने इंजिन चुकीच्या ठिकाणी लावून मुलीच्या स्वाधीन केलं होतं. एकदा नाही. आणि त्या नावेत आजोबा बसले होते, बाळंतीण बसली होती.

भरती नावेला हळूहळू आत ढकलत होती.

“मला तो ऐकू येत नाही,” मिस्त्री म्हणाले.

ते वाक्य त्यांनी आजवर कधी उच्चारलं नव्हतं. म्हटल्यावर ते फारच लहान वाटलं.

“तुझ्या चालवण्यात काही चूक नव्हती,” ते पुढे म्हणाले.

तिने मान हलवली. डोळे पुसले.

“चालू कर,” ते म्हणाले. “मी फिरवतो. तू ऐक.”

तिने दोर ओढला. नाव पुन्हा उचलली. या वेळी मिस्त्रींनी कानाला काही लावलं नाही. स्क्रू मागे फिरवत ते तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने भुवया आवळल्या होत्या. शाळेत असताना, गणित अडलं की आवळायची तशाच.

“आहे,” ती म्हणाली. “आहे. आहे... बारीक झाला. अजून आहे.”

“घाई करू नकोस. खात्री झाली की सांग.”

“आहे... नाही. गेला.”

“नक्की?”

“गेला, बाबा.”

“आता मी जरासा आत घेतो. आला की सांग.”

“...आला.”

“आता मागे. केसभर.”

“गेला.”

“ही जागा,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी नट आवळला. मग खिशातून छिन्नी आणि लहान हातोडी काढली आणि स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या लोखंडावर समोरासमोर एकेक घाव घातला. अशा खुणा करणाऱ्या इतर मिस्त्रींची त्यांनी जन्मभर टिंगल केली होती.

“हे कशाला?” तिने विचारलं.

“रेघेला रेघ लावली की झालं. पुढे कोणीही लावेल.”

पूर्ण भरलेली नाव घेऊन तिने ओढीत चार-पाच फेऱ्या मारल्या. जोर आधीपेक्षा थोडा कमी होता. प्लग काढून बघितले तर रंग छान बदामी आला होता, म्हणजे आग हवी तेवढीच होती. परतताना मिस्त्री इंजिनापाशी बसले नाहीत. पुढे, जिथे माणसं बसतात तिथे, फळीवर जाऊन बसले.

त्या संध्याकाळी पत्नी देवासमोर दिवा लावत असताना ते दारात येऊन उभे राहिले.

“घड्याळ वाजतं का गं?”

तिने काडी विझवली. “वाजतं.”

“आणि मी उघडून बसलो तेव्हा?”

“तेव्हाही वाजत होतं. तुमच्या हातातच वाजत होतं.”

“सांगायचं नाहीस?”

“कसं सांगू?” ती म्हणाली. “तुम्ही एवढं मन लावून दुरुस्त करत होतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर जायच्या आधी ते लेथवाल्याच्या गल्लीत गेले. शटर अर्धं वर होतं. लेथवाला आत चहा पीत होता. दुसरा पेला त्याने पुढे केला नाही.

“बोअर बरोबर होतं,” मिस्त्री म्हणाले.

“ते मला माहीत आहे.”

“टायमिंग चुकलं होतं.”

लेथवाल्याने पेला खाली ठेवला. “तुझं?”

“माझं.”

मिस्त्री एवढंच बोलून निघाले. आणखी काही सांगायचं होतं, पण ते रस्त्यावर आल्यावर सुचायला लागलं.

धक्क्यावर माणसं जमली होती. बंदरावरचे साहेब हात मागे बांधून उभे होते. मुलीने एकेकाला हात देऊन नावेत घेतलं. बाळंतीण आली नव्हती. शाळेच्या दोन बाईंपैकी एकच आली होती. आजोबा मात्र आले. बसता बसता म्हणाले, “पोरी, आज पलीकडे नेणार ना, की पुन्हा मधेच फिरवून आणणार?” ती हसली. दोर ओढला. पाण्यावर निळसर धूर पसरला आणि नाव निघाली.

मिस्त्री कठड्याला हात टेकून उभे राहिले. पूर्वी अशा वेळी ते पाठ करून आपल्या कामाला लागायचे, कारण बघायची गरज नसायची. आज ते डोळ्यांवर हात धरून बघत होते. नाव ओढीपाशी आली. तिची पुढची बाजू जरा वळली, मग सरळ झाली. दगडी बांध मागे पडला. नाव लहान होत गेली, हाताच्या बोटाएवढी झाली, आणि पलीकडच्या काठाच्या काळ्या रेघेत मिसळली. साहेब केव्हाच कचेरीत निघून गेले होते.

शेजारी कोणी येऊन उभं राहिलं होतं. मिस्त्रींनी वळून बघितलं. लेथवाला होता. हाताला ग्रीस तसंच होतं. काम अर्धं टाकून आला असावा. तोही पलीकडे बघत राहिला.

बऱ्याच वेळाने मिस्त्रींनी विचारलं, “इंजिन बंद झालं का रे तिकडे?”

लेथवाल्याने त्यांच्याकडे बघितलं.

“केव्हाच,” तो म्हणाला. मग दोन पावलं चालून तो त्यांच्या दुसऱ्या बाजूला, जरा जवळ, येऊन उभा राहिला आणि पुन्हा, मोठ्याने म्हणाला, “केव्हाच बंद झालं. माणसं उतरली.”